जुन्या हुकावरची बंदी

“बंद पडतेय ते बरंच झालं,” सासरे चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “मला हाकललं होतं त्या साइटनं.”

बाईंचा हात लॅपटॉपवरच थांबला. काही जण व्हिडिओ गेम खेळून दाखवणार आणि बाकीचे बघत गप्पा मारणार, अशी ती साइट. गप्पांत कुणी फार कटकट केली की त्याला बाहेर काढणं हे बाईंचं काम. शाळेतल्यासारख्या दटावतात म्हणून प्रेक्षकांनीच त्यांचं ‘बाई’ करून टाकलं होतं. गाद्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत सुरू झालेली साइट बघता बघता चार मजल्यांवर पसरली, कॉफीचं यंत्र आलं, उगाचच एक झोपाळाही आला. मग दुसरी मोठी साइट निघाली आणि खेळणारे पाय लावून तिकडे पळाले. आता उरल्या होत्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या बाई, आणि आपल्या घरी बसलेला एक तंत्रज्ञ. आज दुपारी बारा वाजता तेही संपणार होतं.

“कशाबद्दल हाकललं, बाबा?”

“एक मुलगी क्रेनचा खेळ खेळायची. दोर ताणून न घेताच माल उचलायची. मी आपलं सांगत होतो.”

“किती वेळा?”

“असेल पंधरा-सोळा.”

सतरा. बाईंना चांगलं आठवत होतं. ‘जुना हुक’ नावाच्या त्या आगाऊ कार्ट्याला त्यांनीच कायमचं बाहेर काढलं होतं आणि वर शेरा मारला होता: आधी शाळेचा अभ्यास कर. पस्तीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेल्या माणसाला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग दुसऱ्या नावानं यायचं ना. सगळे येतात.”

“हाकललं म्हणजे हाकललं,” सासरे म्हणाले. “चोरून कशाला यायचं?”

हे ऐकून तर बाईंना रडूच यायला लागलं. अकरा वीस झाले होते. कायमची बंदी उठवायला दुसऱ्याची संमती लागायची. त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला.

“बाई, चाळीस मिनिटांनी साइटच नसणार. कोण विचारतंय?”

“मी विचारतेय. हो म्हण, आणि कारण लिही.”

“काय लिहू?”

“लिही, बाईंची चूक.”

सासरे ऐकतच होते. “म्हणजे तो शेरा तुझा?”

“माझाच. चुकलं माझं, बाबा.”

“अभ्यास कर म्हणे,” सासरे म्हणाले, आणि इतके हसले की बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

क्रेनवाली अजून खेळत होती. बघणारे उरले होते सव्वीस. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहिलं, ‘नमस्कार’.

पडद्यावरची मुलगी थबकली. “जुना हुक? अहो, होतात कुठे? आता बघा हं.” तिनं दोर ताणून घेतला, क्षणभर थांबली, मग कंटेनर अलगद उचलला. “चार वर्षं अशीच उचलतेय. डोकं खाल्लं होतंत माझं.”

सासऱ्यांचा चेहरा असा फुलला, की लग्न होऊन या घरात आल्यापासून बाईंनी तो तसा पाहिला नव्हता. पुढचा अर्धा तास ते फक्त ‘छान’ आणि ‘सावकाश’ एवढंच लिहीत होते.

बारा वाजले तेव्हा एक कंटेनर जहाजावर अधांतरी होता. पडदा पांढरा झाला.

बाई लॅपटॉप मिटायला गेल्या.

“थांब,” सासरे म्हणाले. क्रेनचा दांडा धरल्यासारखी त्यांनी टेबलावरची उजवी मूठ हळूहळू पुढे ढकलली, जरा थांबवली, पुन्हा ढकलली. माल टेकल्यावर त्यांनी मूठ उघडली.

“हं, मिटव आता.”