सतरा नंबरची बाटली

आमच्या हॉस्पिटलात औषधांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते आणि तोंडाला कुलूपही मीच लावायचं असतं. झोप न येणाऱ्यांना देतात ती झोपेच्या हार्मोनची जुनी, साधी कॅप्सूल. विषाणूच्या तापात तिने फुफ्फुसांची सूज उतरते का, हे आमचे मोठे डॉक्टर तपासत होते. निम्म्या पेशंटना ती, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला काय मिळतंय, हे डॉक्टरांना ठाऊक नाही, नर्सलाही नाही. बाटल्या मी भरते आणि यादी माझ्या कपाटात असते.

अशात माझा मोठा भाऊ दाखल झाला. त्याच्या वाट्याला सतरा नंबरची बाटली आली. सतरामध्ये खरं औषध होतं. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

दादा वायरमन. टेस्टर लावल्याशिवाय तारेवरही विश्वास ठेवायचा नाही, मग माणसांचं काय घेऊन बसलात! दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ गेले, तर नाकाला ऑक्सिजनची नळी आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"चिमे, खरं सांग. माझ्या गोळीत करंट आहे का?"

"मला विचारू नकोस, दादा."

"म्हणजे नाही."

"म्हणजे विचारू नकोस!"

"शेजारचे मास्तर बघ, दिवसभर घोरतात. त्यांना मिळाली खरी. मी मात्र टक्क जागा."

मास्तर घोरत होते ते अशक्तपणाने. त्यांच्या अठरा नंबरात नुसतं पीठ होतं. आणि दादाची झोप उडवली होती सुजेवरच्या इंजेक्शनने, ते देताना नर्सने सांगितलंही होतं. पण हा कशाला ऐकतोय? मी त्याची उशी सरळ केली, "गप पडून राहा," म्हणाले आणि निघाले. नियम मोडला नाही म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

सातव्या दिवशी त्याला व्हेंटिलेटर लावला. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला.

त्यानंतर पाच दिवसांनी मास्तर आपल्या पायांनी चालत माझ्या खिडकीशी आले. घरी न्यायच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. त्यांनी हात जोडले.

"तुमचे भाऊ फार भला माणूस हो. तुम्ही त्या दुपारी त्यांना भेटून गेलात, त्याच रात्रीपासून आम्ही गोळ्या बदलून घ्यायचो. सिस्टरच्या हाताखाली तीस खाटा. मधल्या स्टुलावर दोन्ही कप ठेवून ती पुढे जायची. मुलगी भेटायला यायची तेव्हा मी नेमका झोपलेला असायचो, म्हणून मीही हो म्हटलं. ते म्हणाले, तुमची झोप मला द्या, माझी जाग तुम्ही घ्या."

मी त्यांच्या गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदाही चुकल्या, तेव्हा मास्तरांनीच मोजून घेतल्या.

त्यांना मी काही सांगितलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी सतरा आणि अठरा, दोन्ही ओळींवर रेघ मारली. "यांचा आता हिशेब धरता येणार नाही," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तपासणी अजून चालू आहे. निकाल पुढच्या महिन्यात. औषध लागू पडलं तर किती घरं वाचतील, हे मला कोणी सांगायला नको. सगळं हॉस्पिटल त्याच आशेवर आहे. वहिनीसुद्धा फोनवर म्हणाली, "निदान दुसऱ्यांना तरी उपयोग होऊ दे." मी हो म्हटलं.

आणि रोज सकाळी हातमोजे चढवून खऱ्या कॅप्सूल बाटलीत भरताना मी त्यांना मनातल्या मनात विनवते, कुचकामी ठरा गं बायांनो. तुम्हीही पीठच निघा.