सहीवाचून अडलेला अंदाज

कीड-अंदाज विभागात मोजणीला ती एकटीच होती. कचेरीत सगळे तिला तुडतुडेबाई म्हणत. रोज सकाळी प्रकाश सापळ्यात पडलेले किडे ती पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्याने निवडायची. मग गमबूट चढवून भातात उतरायची, भाताचा एकेक चूड, म्हणजे रोपांचा झुपका, वाकवून बुडाशी चिकटलेले तपकिरी तुडतुडे मोजायची. जीव तिळाएवढा, पण चुडामागे दहा झाले की उभं शेत करपतं, हे अकरा वर्षांच्या वह्यांनी तिला शिकवलं होतं.

मागच्या वर्षी तिने इशारा दिला आणि ऐनवेळी वारा फिरला. तुडतुडे आलेच नाहीत. लोकांच्या फवारण्या फुकट गेल्या, साहेबांना वरून खरमरीत पत्र आलं. त्यात कुणीतरी कागाळी केली की बाईंनी सासरी आधीच सांगितलं होतं. साफ खोटं. तरी साहेबांनी तिच्याकडून लिहून घेतलं: साहेबांच्या सहीशिवाय अंदाज कुणालाही, घरच्यांनाही, सांगणार नाही, सांगितल्यास नोकरी जाईल.

यंदा चुडामागे चार होते, मग सात झाले. हवा कोंदट, पान हलत नव्हतं. सोमवारी तिने गणित मांडून कागद साहेबांपुढे ठेवला.

"मागच्या वेळीही गणित बरोबरच होतं ना?" साहेब म्हणाले.

"होतं साहेब. पण वारा..."

"मग वाऱ्याला नोटीस काढू का मी? थांबा चार दिवस."

त्या संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "काय गं सूनबाई, यंदा तुझे पाहुणे काय म्हणतात?" त्यांचं शेत सखल, पाणी कायम तुंबलेलं. तुडतुड्यांना अशीच जागा लागते.

"पत्रक निघालं नाही अजून, बाबा."

"पत्रक राहू दे. मी तुला विचारतोय."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. "कळलं की सांगते," ती ताटाकडे बघत म्हणाली.

शुक्रवारी मोजणी अकरावर गेली. साहेब बैठकीला परगावी. फोनवर म्हणाले, "आल्यावर बघू." कचेरीचं दार सताड उघडं होतं, समोर फाटक, फाटकापलीकडे रस्ता आणि दूरवर सासऱ्यांचा बांध दिसत होता. कुणी तिला धरून ठेवलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत ती खुर्चीतून उठली नाही.

शनिवारी तेरा. तिने कपाटातून तो लिहून दिलेला कागद काढला, दोनदा वाचला. त्यात अंदाज सांगू नये असं होतं. मोजणीबद्दल अक्षर नव्हतं. तिने खडू उचलला आणि फाटकावरच्या फळ्यावर लिहिलं: "चुडामागे तुडतुडे. मागचा शनिवार सहा, आज तेरा."

एक म्हातारा शेतकरी सायकल थांबवून वाचू लागला. "आठवड्यात दुप्पट? म्हणजे पुढच्या शनिवारी?"

"ते मला सांगता येत नाही, काका."

"नका सांगू. दुपटीचा पाढा मलाही येतो." त्याने सायकल वळवली ती थेट शेताकडे. तासाभरात ठिकठिकाणी लोक बांध फोडून पाणी काढू लागले.

ती धावतच सासऱ्यांकडे गेली. ते आधीच शेतात उकिडवे बसले होते. मधोमध पिवळं, वाळलेलं गोल खळं पडलं होतं, पलंगाएवढं.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"सोमवारपासून."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

ते उठले, फावडं तिच्या हातात दिलं. "तिकडचा बांध फोड." दोघांनी मिळून पाणी काढलं. अर्धं शेत वाचलं, अर्धं गेलं. इतरांचं बहुतेक सगळं वाचलं.

सोमवारी साहेब आले. लोक त्यांचे आभार मानून गेले. मग त्यांनी तिला बोलावलं आणि नवा कागद पुढे सरकवला: यापुढे सहीशिवाय मोजणीसुद्धा फळ्यावर लिहिणार नाही.

"चांगलं काम केलंत बाई," ते म्हणाले. "इथे सही करा."

तिने सही केली. नोकरी हवी होती. आणि ती गेली असती तर किडे मोजणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. घरी सासरे पूर्वीसारखेच बोलतात, चहा मागतात, नातीचा अभ्यास घेतात. तुडतुड्यांचं मात्र ते आता शेजाऱ्याला विचारतात.