चौथं माणूस

भार्गवीने भर रस्त्यात कॅब थांबवली. "इल्ले निल्लिसी, अण्णा," असे ड्रायव्हरला म्हणत ती ऑफिसातल्या मैत्रिणींनी काही विचारायच्या आत दार उघडून उतरलीसुद्धा. बेळ्ळंदूरच्या त्या रस्त्यावर गाड्या तशाही हलत नव्हत्या. हातातला फोन वाजत होता आणि त्यावर नाव होते मुग्धाताईंचे, तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचे.

तीन आठवडे तिने या फोनची वाट पाहिली होती, आणि आता तो उचलायला बोट धजेना.

तिचा नवरा मल्हार अमेरिकेचा नागरिक होता. लग्न बेंगळूरुत झाले, तो परत गेला आणि त्याने बायकोच्या व्हिसासाठी अर्ज केला. पण आदल्या वर्षी त्याने नोकरी सोडून मित्राबरोबर धंदा काढला होता, त्यामुळे त्याचे उत्पन्न नियमात बसेना. बायकोला पोसण्याची हमी नवऱ्याने द्यायची, आणि ती अपुरी पडली तर तिथेच राहणाऱ्या आणखी कुणीतरी तिला जामीन राहायचे, असा तिथला कायदा. मल्हारला तिकडे असे माणूस एकच. मुग्धाताई लग्नाला आल्या नव्हत्या. भावाबहिणीचे बोलणे जेमतेम होते, आणि का, ते कुणी सांगत नव्हते. इकडे भार्गवीने महादेवपुऱ्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकला होता. नकार आला तर आईबाबांनी चारचौघांत काय तोंड दाखवायचे, या विचाराने तिला अन्न गोड लागत नव्हते.

"हॅलो, ताई."

"भार्गवी, एकटी आहेस का?"

"रस्त्यावर आहे. पण एकटीच."

"बरं. हमीचे ते कागद तू वाचलेस?"

"मल्हारनं पाठवले होते. तुमची सही तेवढी राहिलीय, म्हणून—"

"सहीचं नाही विचारत. वाचलेस का?"

 आता ताई नाही म्हणणार, त्यांना नाही म्हणायला कारण हवे आहे. भार्गवी घाईघाईने बोलू लागली. "ताई, मी तुम्हाला जड नाही होणार. मला तिकडे लगेच काम मिळेल. तुमच्याकडे कधी काही मागायला—"

"थांब जरा." पलीकडे नळ सुरू होता, तो बंद झाल्याचे ऐकू आले. "लग्नानंतर तुम्ही दोघं कुठे गेला होतात?"

"मडिकेरीला."

"तिथे त्याला राग आला होता का?"

भार्गवी चालायची थांबली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने फुटपाथवरच हॉर्न वाजवला, तशी ती भिंतीकडे सरकली.

मडिकेरीच्या हॉटेलात खोलीची किल्ली सापडत नव्हती आणि ती मल्हारच्याच खिशात निघाली. भार्गवीला हसू आले. वेटरही हसला. खोलीत गेल्यावर मल्हारने शांतपणे कडी लावली आणि तिचा गळा धरून तिला भिंतीशी उभे केले. मारले नाही. तिचे हसू पार विझेपर्यंत नुसते धरून ठेवले. मग त्यानेच दोघांसाठी कॉफी मागवली. दमला असेल, असे तिने ठरवले. हे तिने आईला सांगितले नव्हते, कुणालाच नाही. सांगायचे तर आधी त्याला काहीतरी नाव द्यावे लागले असते.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही."

 

"आमच्या बाबांना यायचा राग," मुग्धाताई म्हणाल्या. "आला की आम्ही दोघं पलंगाखाली जाऊन बसायचो. मल्हार इतकुसा होता. माझा हात सोडायचा नाही. फार आवडायचा गं तो मला."

मग त्यांनी एकदम विषय बदलला.

"सही केलीय मी. पाठवलीसुद्धा."

 भार्गवी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "ताई, तुमचे आभार कसे—"

"आभार राहू देत. ऐक. ही सही मी मल्हारसाठी केलेली नाही. उद्या तुमचं पटलं नाही, तू त्याचं घर सोडलंस, अगदी घटस्फोट झाला, तरी माझी हमी सुटत नाही. तू इथली नागरिक होईपर्यंत, नाहीतर इथे पुरेशी वर्षं काम करेपर्यंत, मी बांधलेली आहे. घरात माणसं किती, असं विचारतात त्या कागदावर. मी चार लिहिलीत. दोन मुलं, मी आणि तू."

समोरच्या बसमधले कुणीतरी कानडीत मोठ्याने भांडत होते. भार्गवीने दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"त्याला वाटतं, तुझं इथे राहणं-जाणं सगळं त्याच्या मुठीत आहे. तो तसं म्हणेलही. तेव्हा हे आठव."

"ताई," भार्गवीचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना, "तुम्ही मला येऊ नको म्हणताय का?"

"ते माझ्या तोंडून कसं निघेल? भाऊ आहे तो माझा." मग त्या भरभर म्हणाल्या, "मुलांची बस आली. ठेवते."

सही झाली होती. जिच्यासाठी तिने नवस बोलले होते, ती सही. भार्गवी पायरीवरून उठली. ऊन अजून होते, दमट उकाडा होता.

तेवढ्यात मल्हारचा फोन आला.

"अगं, केली की तिनं सही! आत्ता मेल बघितली. तुला फोन आला होता?"

"हो."

"काय म्हणाली?"

सूर हसरा होता. पण विचारून तो गप्प राहिला, आणि तिला त्याचा श्वास ऐकू येत राहिला.

"काही नाही. थंडीचे कपडे इकडून आणू नकोस म्हणाल्या. तिकडेच चांगले मिळतात."

"बस? आणखी काही?"

"आणखी काय म्हणणार?"

मल्हार हसला. ते हसू यायला जरा वेळ लागला. तो तिकिटांचे बोलू लागला आणि ती हो हो म्हणत राहिली. तिने त्याला फसवण्याची ही पहिलीच वेळ, आणि खोटे किती सहज जमले, याचेही तिला भय वाटले.

ती ऑटो करून घरी पोचली, तोवर बातमी तिच्या आधी पोचली होती. तिच्या आईने, शारदाबाईंनी, देवापुढे साखर ठेवून खिरीचे दूध आटवायला घेतले होते. वडील मुकुंदराव दारातच उभे होते.

"जावईबापूंचा फोन आला होता. सरी, छान झालं! सुटलो बघ एकदाचे. आता कसली भीती?"

भार्गवीने चपला काढल्या. काढून झाल्यावरही ती खाली वाकलेलीच राहिली.

"थांब, आधी हुबळीला काकाला कळवतो," म्हणत मुकुंदराव चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधू लागले.

तिने जवळ जाऊन त्यांच्या हातातला फोन हलकेच काढून घेतला.

"आई, गॅस बंद करून बाहेर ये," ती म्हणाली. "बाबा, दार लावून घ्या. मला तुमच्याशी स्वल्प बोलायचंय."

मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर हसू अजून तसेच होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि मग ते दार लावायला गेले.