लाल दिसेपर्यंत

आपलं खोकं मातीत मिसळतं, याचा खोकेवालीला कोण अभिमान! आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

भुसा, गवत आणि पिठाची खळ साच्यात दाबून तिने काचेच्या दिव्यांसाठी खोकं बनवलं होतं. दिवा पोचवायचा, रिकामं परत यायचं, पुन्हा जायचं. अगदीच थकलं की मातीत. ‘परत पाठवा’ हे तिने तळाला बारीक छापलं आणि झाकणावर हौसेने ठळक: ‘मातीत पुरा, खत होईल!’ दिवे घेणाऱ्यांनी ते मनावर घेतलं. पहिल्याच फेरीत सगळी खोकी पुरली. एका बाईंनी तर वर फुलझाड लावून फोटो पाठवला.

दिवे बनवणारा काचवाला वैतागला. “ताई, खोकं परत आलं तरच मला परवडतं. याही खेपेला लोकांनी ती पुरली, तर मी आपला थर्माकोलकडे जाणार.”

तिचं एकमेव गिऱ्हाईक तोच. तो गेला की तिच्या खोक्यांच्या शेडला कुलूप.

तोंड पाडून ती घरी आली, तर बाबा दारात चपला काढत होते. टाचेशी निळं रबर झिजून खालचा लाल थर डोकावत होता.

“बाबा, टाका की आता त्या!”

“लाल पुरतं दिसू दे, मग टाकतो. निळं आहे तोवर जीव आहे चपलेत.”

चिकटपणात बाबांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ती क्षणभर त्या टाचेकडे बघत राहिली आणि एक चप्पल उचलून शेडकडे पळाली. मागून बाबांचा आरडाओरडा चालूच होता.

नवं खोकं दोन थरांचं झालं. आत लाल मातीने रंगवलेला लगदा, वर साधा. झाकणावर एवढंच: ‘लाल दिसेपर्यंत परत पाठवा. लाल दिसलं की पुरा.’

खेप गेली आणि तिचा जीव टांगणीला लागला. मग एका सकाळी शेडसमोर टेम्पो थांबला. मागचं दार उघडलं, तर आत खोकीच खोकी! काचवाला स्वतः उतरवायला आला होता.

“ताई, जिंकलात!”

ती आनंदाने ढसाढसा रडली.

खोकी जात राहिली, येत राहिली. लोकांना नादच लागला. कोपरा जरा खरचटला की फोन यायचा, “ताई, हे लाल म्हणायचं की गुलाबी?”

अखेर एक खोकं चारही कोपऱ्यांनी लालेलाल होऊन परत आलं. आत चिठ्ठी होती: ‘पुरायला मन होईना. तुम्हीच पुरा.’ पाठवणाऱ्या त्याच, फुलझाडवाल्या बाई!

काचवाल्याने शेडमागे खड्डा खणला. तिने खोकं अलगद आत ठेवलं. तेवढ्यात बाबा अनवाणी आले, हातात पुरत्या लाल झालेल्या चपला.

“यांनाही शेजारी जागा दे.”

“बाबा, रबर नाही कुजायचं!”

बाबांनी खड्ड्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं.

“खोकं जमलं ना? मग आता चपला कर.”

ती हसली. पण हातांची माती झटकून तिने त्या चपला आत नेल्या आणि साच्याशेजारी ठेवल्या.