तिघांचा एक निकाल

रावजी नाझर जिल्हा कोर्टातून पेन्शनीत निघाले तेव्हा सरकारने त्यांना एक घड्याळ दिलं आणि समाजाने अपिलाची पंचायत. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. पंचायत मात्र चालू राहिली, कारण तिला किल्ली द्यायला रावजी कधी विसरले नाहीत.

गावच्या पंचांचा निकाल ज्याला पटला नाही त्याने रत्नागिरीला रावजींकडे यावं, अशी रीत होती. वर बसणारे तिघे: अध्यक्ष रावजी, जयगडचा गंगाराम तांडेल आणि हेदवीचे भागोजी मास्तर. तिघे तीन गावांना, म्हणून विचारविनिमय बंदरोबंदरी जाणाऱ्या मचव्यातून चाले. रावजी निकालाचा मसुदा लिहून लाल फडक्यात बांधून पाठवत. आधी तो हेदवीला मास्तरांकडे जाई, मग जयगडला, मग परत. ज्याला जे सुचेल ते त्याने समासात लिहावं, आणि खरं मत वेगळ्या चिठ्ठीवर लिहून वर लाख लावावी.

हे सगळे कायदे रावजींचे. साहेबांच्या खोलीबाहेर तीस वर्षं उभं राहून त्यांना एवढं कळलं होतं की न्याय आत होतो, बाहेर तो फक्त वाचतात. धाकट्याने मत आधी द्यावं, म्हणजे थोरल्याची भीड पडत नाही. अध्यक्षाने स्वतःची चिठ्ठी लिहिल्याशिवाय दुसऱ्यांची लाख फोडू नये. मोजून झाल्यावर चिठ्ठ्या चुलीत घालाव्यात. आणि मतं कशीही पडोत, वाचताना "आम्हा तिघांचा एक निकाल" असंच वाचावं.

एकतीस सालच्या चैत्रात सगुणाचं अपील आलं.

आदल्या भाद्रपदात तिच्या गावात पटकी आली आणि तिची सासू गेली. नवरा मुंबईला गिरणीत. भावकीतल्या एकाही घराचं दार उघडलं नाही. पहिलं दार लागलं ते गावप्रमुख धोंडू गावकराचं. शेवटी बंदरात उतरलेल्या चार परजातीच्या खलाशांनी म्हातारीला खांदा दिला. पटकी ओसरली तशी दारं उघडली, पंच बसले, आणि परक्याचा खांदा चालवून घेतला म्हणून सगुणाला वाळीत टाकलं. सात महिने तिला विस्तव नाही, विहीर नाही. आता लावणीला तिच्या शेतात कोणी पाय ठेवला नाही तर वर्षाचं भात गेलं.

रावजींनी मसुदा एका बैठकीत लिहिला. "जे आले नाहीत त्यांनी, जे आले त्यांचा दोष काढू नये," हे वाक्य तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते मालनला दोनदा वाचून दाखवलं. मालन त्यांची लेक. तिचं लग्न धोंडू गावकराच्या मुलाशी ठरलं होतं. अशा वेळी जज बाजूला होतो, असा कोर्टातला रिवाज आहे. तेवढा एक रिवाज रावजींच्या कानावर आला नव्हता. त्या दिवशी ते चहाला गेले असावेत.

वीस दिवसांनी लाल फडकं परत आलं. मास्तरांनी चार ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारून "अत्युत्तम" असं लिहिलं होतं. तांडेलाने मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "बाईवर अन्याय झाला हे खरां."

रावजींना हायसं वाटलं. दोन मतं तर तिच्याकडे पडलीच. सुटली म्हणायची. मग तिसरं तिच्याकडे घालून ते वाया कशाला दवडायचं? उद्या व्याह्याने विचारलं, तर देवावर हात ठेवून सांगता येईल की माझं मत तुझ्याच बाजूला होतं. बाई सुटेल, लग्न होईल, शपथही खरी पडेल. त्यांनी चिठ्ठीवर "वाळीत कायम" लिहिलं, लाख लावली आणि मग बाकीच्या दोन फोडल्या.

मास्तरांची: वाळीत कायम. तांडेलाची: वाळीत कायम.

रावजींनी दोन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. कारणं शोधायला लांब जायला नको होतं. धोंडूचा भाऊ शाळाखात्याच्या बोर्डावर होता. तांडेलाचे निम्मे खलाशी धोंडूच्या गावचे. दोघांनीही आधी मसुदा वाचला होता, आणि अध्यक्ष ठाम आहेत, मग आपलं एक मत तिकडे गेलं तर काय बिघडतं, असा हिशेब केला होता. तिघांनाही ती निर्दोष वाटत होती, आणि तिघांनी मिळून तिला बुडवली होती. रावजींना त्या दोघांचा राग आणायचा होता. तो येईना.

नियमाप्रमाणे त्यांनी चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मसुदा तेवढा राहिला.

रविवारी सगुणाच्या गावी देवळाच्या सभामंडपात माणसं जमली. सगुणा बाहेर जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसली होती, पाण्याचा तांब्या घरून आणलेला. रावजी उभे राहिले. नवा निकाल त्यांनी लिहिलाच नव्हता, आणि का लिहिला नाही हे स्वतःला विचारायचंही टाळलं होतं. त्यांनी फडकं सोडलं आणि जुनाच मसुदा वाचला. "आम्हा तिघांचा एक निकाल. बाईस समाजात घ्यावी."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. तांडेलाने मान डोलावली. बाकीच्या दोघांनी आपल्याला हरवलं, असं दोघांनाही वाटत होतं, आणि हरल्याचा आनंद दोघांच्याही तोंडावर लपत नव्हता. तांडेल तर कानाशी येऊन म्हणाला, "बरां केलात, घट्ट राह्यलात."

परत घेतलेल्याच्या घरी पहिला घास पंचांनी खायचा. सगुणाने तिघांना पानं वाढली. मास्तर आणि तांडेल पोटभर जेवले. रावजींच्या पानात भात वाढताना ती म्हणाली, "नाझरकाका, दुसऱ्या कोणाचा भरवसा नव्हता. तुमचा होता."

रावजींना ठसका लागला. तिने लगबगीने पाणी दिलं. ते पाणीही प्यावं लागलं.

आठव्या दिवशी सकाळी धोंडू गावकर आला. आल्या आल्या बसला नाही, त्यावरूनच रावजी काय ते समजले.

"मास्तराने मला शपथेवर सांगितलं, त्याचं मत माझ्याकडे होतं. तांडेलानेही सांगितलं. रावजी, दोघं माझ्याकडे, मग ती बाई सुटली कशी?"

"चिठ्ठ्या जाळल्या. कायदा आहे."

"कायदा ठेव तुझ्या कोर्टात."

"मग दोघांना मंडपात उभं कर आणि चारचौघांत विचार. कोण हो म्हणतो बघू."

कोणी म्हणणार नाही, हे धोंडूला ठाऊक होतं. तो जरा जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "त्यांचं राहू दे. तुझं काय होतं? तू सांग, आणि सोयरीक जशीच्या तशी."

खरं सांगायला इतकं सोपं कधीच नव्हतं. देवावर हात ठेवून सांगता आलं असतं. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच केला होता. पण मग तिन्ही मतं तिच्याविरुद्ध होतात, आणि विहीर पुन्हा बंद. रावजींनी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही.

"तिच्याकडे होतं," ते म्हणाले.

धोंडूने पायात वहाणा घातल्या. "मुलीला दुसरीकडे बघ."

तो माडांचं आगर ओलांडून जाईपर्यंत रावजी ओटीवर उभे राहिले. आयुष्यात एकदा धीराने बोलले, तेही खोटं, आणि त्याची किंमत लेकीच्या नावावर. ते आत आले. कागदाचा कपटा घेतला, "बाईस घ्यावी" असं लिहिलं, घडी केली, वर लाख लावली आणि चुलीपाशी गेले.

मालन भाकरी थापत होती. धोंडूचं बोलणं तिने सगळं ऐकलं होतं. तिने हात थांबवला. "बाबा, निकाल लागला ना? आता कसली चिठ्ठी?"

"एक द्यायची राहिली होती," रावजी म्हणाले, आणि ती त्यांनी विस्तवात सरकवली.