वाकलेलं पीस

घरट्याच्या पेटीखाली पडलेलं शेपटीचं पीस चिमणताईने उचलून निरखलं. पीस काळं होतं, टोक तेवढं पांढरं.

पक्षीगृहात धनेशाच्या दोन जाती होत्या, सख्ख्या बहिणींसारख्या. मोठी चोच, काळी पाठ, पांढरं पोट, सगळं सारखं. फरक शेपटीच्या कडेला: एकीची पिसं अख्खी पांढरी, दुसरीची टोकालाच. या पेटीचा नर पांढऱ्या शेपटीचा, म्हणून मादीही तशीच हवी होती. पण दोन्ही माद्या आल्या तेव्हा प्रवासात त्यांच्या शेपट्या झडल्या होत्या, आणि चिमणताईने वीस वर्षांचा अनुभव मिरवत नुसती चोच बघून टॅग बांधले. नवी पिसं फुटायच्या आतच मादीने रीतीप्रमाणे पेटीचं तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेतलं होतं. फटीतून नर तिला भरवत होता, आणि कालपासून आत पिल्लू किरकिरत होतं.

नियम स्पष्ट होता. दोन जातींचं मिश्र पिल्लू ठेवायचं नाही. पेटी फोडायची, पिल्लाला मरणाची सुई द्यायची. आणि चूक करणाऱ्याची नोकरी जायची. मागची खोली नोकरीबरोबर मिळालेली, तिथे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून न्यायचं तरी कुठे?

पडलेली पिसं रोज पाकिटात घालून पक्षीगृहाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवावी लागत. चिमणताईने काळं पीस पदराखाली दडवलं आणि कपाटातलं एक जुनं पांढरं पीस पाकिटात सरकवलं.

डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात धरलं. "चिमणताई, पेटीत वाढलेलं पीस भिंतीला टेकून वाकतं. हे सरळ आहे. खरं कुठंय?"

चिमणताईने पदराखालचं पीस काढून दिलं. ते बघताच बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि त्या पेटीकडे चालू लागल्या.

आतून पिल्लू ओरडलं. आपले पाय पेटीसमोर कसे गेले ते चिमणताईला कळलंच नाही. ती म्हणाली, "चूक माझी आहे. आधी मला कामावरून काढा, मग पेटी फोडा."

तेवढ्यात चोचीत फळ घेऊन नर आला आणि दोघींकडे संशयाने बघत फांदीवर थबकला. आपण उभ्या आहोत तोवर हा पेटीकडे फिरकणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाईंनी त्याच्या चोचीतल्या फळाकडे पाहिलं.

"तुम्हाला काढावंच लागेल," त्या म्हणाल्या आणि हातोडी खाली ठेवली. "पण पिल्लू मोठं होऊन आपणहून पेटीबाहेर पडल्यावर. आता बाजूला व्हा, त्याला भरवू द्या."