फक्त पाणी

गाडा उलटा करायला त्यानं दांडी धरली आणि तो तसाच थांबला. मागून मुकादम ओरडला,

"अरे, समाधी लागली काय? मागं अजून दोन गाडे उभे आहेत!"

हौदातून येणारा वास आज वेगळा होता. नेहमीचाही कुणाला अत्तर वाटला नसता. कत्तलखान्यातलं रक्त, आतडी, चरबी, जनावरांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा, सगळं या हौदातून बंद टाकीत जायचं आणि टाकी त्याचा गॅस करायची. त्यावर धुलाईचं पाणी तापायचं, मागच्या वसाहतीतल्या शेगड्या पेटायच्या. तो वास त्याच्या नाकाला कधीच जाणवेनासा झाला होता. आज जाणवला. आंबट होता.

"टाकीचं पोट बिघडलंय," तो म्हणाला.

"मग चूर्ण दे तिला. गाडे काय मी घरी नेऊ?"

त्यानं तो गाडा रिकामा केला. मग उरलेले दोन्ही. टाकीवरचा रबरी फुगा सैल पडला होता. तपासणीच्या बर्नरला काडी लावली, तर ज्योत पिवळी होऊन फडफडली आणि विझली. त्यानं पुन्हा काडी ओढली. पुन्हा. शेवटी त्यानं टाकीवर देखरेख करणाऱ्या मॅडमना फोन लावला.

"गेले काही दिवस जास्त घालत होतात का?" त्यांनी विचारलं.

"हो. गॅस कमी झाला म्हणून."

"कमी झाला म्हणून जास्त?"

"अशक्तपणा आला की जास्तच खायला लागतं ना?" बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मॅडम हसल्या नाहीत. "पचत नाहीये तिला, काका. खाणं बंद करा. थोडा चुना टाका, ढवळत राहा. मुकादमांशी मी बोलते."

"आणि मग?"

"मग वाट बघायची."

"नुसतं बसून?"

"बसवत नाही, माहीत आहे मला."

त्यानं चुना टाकला. ढवळणी सुरू केली. दाबाच्या घड्याळाची काच स्वच्छ होती, तरी बाहीनं पुसली. काटा हलला नाही. खुर्चीवर बसला, उठला, फुग्याला हात लावून आला. मग पंपावरच्या माणसाला "जरा घरी जाऊन येतो" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघाला.

घर मागच्या वसाहतीतच होतं. खिडकीशी खाटेवर बाप पडला होता. खिडकीतून जनावरांचं आवार दिसायचं. बापानं जन्मभर तिथंच काम केलं होतं. हा नवा नवा हाताखाली लागला, तेव्हा एका हाडकलेल्या बैलापुढं यानं पेंढीभर चारा टाकला होता. बापानं तो उचलून घेतला आणि याच्या हातात बादली दिली. "हा बैल उद्याच्या कत्तलीचा आहे. आता चारा नाही. पाणी दे. सावकाश पिऊ दे त्याला."

"सकाळपासून एक शीत पोटात नाही," बायको म्हणाली. "बघा तुमचं तरी ऐकतात का."

त्यानं मऊ भाताची वाटी घेतली. "बाबा, तोंड उघडा."

"नको."

"एक घास. अंगात ताकद कशी येणार?"

"ताकद कशाला? कुस्तीला जायचंय का मला?"

त्यानं चमचा ओठांशी नेला. दात मिटलेलेच राहिले. भात हनुवटीवर ओघळला. तो पुसून त्यानं दुसरा घास भरला, जरा जोरानंच. बापाला ठसका लागला. छातीचा नुसता भाता झाला. ठसका थांबेपर्यंत हा चमचा हातात धरून उभा होता. हाताला अजून हौदाचा आंबट वास येत होता.

"गॅस नाही म्हणते सून," बाप धापा टाकत म्हणाला. "काय झालं?"

"टाकी बिघडलीय. तिचं खाणं बंद केलंय."

बापाचे डोळे मिश्किल झाले. "तिचं बरं ऐकलंस."

तो चमच्यानं वाटीतला भात सारखा करत राहिला.

"पाणी दे," बाप म्हणाला.

"देतो. आधी दोन घास तरी..."

"फक्त पाणी."

बाप त्याच्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर, आवारात, उद्याची जनावरं पाण्याच्या हौदाशी माना खाली घालून उभी होती. त्यानंही तिकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाटी खाटेखाली सरकवली.

आतून लायटरचा टकटक आवाज आला. थांबला, पुन्हा आला.

"भात जरा गरम करून देते म्हटलं," बायको म्हणाली, "तर हे पेटतच नाही."

"राहू दे," तो म्हणाला.

खिशात फोन वाजू लागला. मुकादमच असणार. त्यानं तो वाजू दिला. पेला भरला, बापाच्या मानेखाली हात घातला आणि खाटेच्या कडेवर नीट टेकून बसला.

"सावकाश प्या, बाबा."